पाताळपाणी ते सहस्रधारा : लाव्हाच्या पायऱ्या उतरताना



आज आपण एका दिवसाची सहल करणार आहोत. सकाळी इंदूरहून निघायचं, महूजवळचा पाताळपाणी धबधबा बघायचा, तिथून जानापावच्या डोंगरावर चढायचं आणि मग आग्रा-मुंबई रस्त्याचा घाट उतरून संध्याकाळी महेश्वरजवळ नर्मदेच्या सहस्रधारेला पोचायचं. जाण्याचा रस्ता साधारण सव्वाशे किलोमीटरचा. पावसाळ्यात मी इंदूरच्या मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन हाच रस्ता फिरतो. सहलीचं नाव 'ज्वालामुखी आणि धबधबे' असं असतं, त्यामुळे दर वेळी कुणीतरी गाडीत बसल्या बसल्या विचारतंच, "काका, ज्वालामुखी किती वाजता येणार?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. ज्वालामुखी इंदूरच्या राजवाड्यापासूनच सुरू झालाय. आपण त्याच्यावरूनच चाललोय.

हे गमतीने म्हटलेलं वाटतं, पण शब्दशः खरं आहे. माळव्याचं पठार, खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, सह्याद्री, गुजरातचा मोठा भाग, कर्नाटक आणि तेलंगणाचा उत्तरेकडचा काही भाग हे सगळं एकाच काळ्या दगडावर बसलेलं आहे. त्या दगडाचं नाव बेसॉल्ट. आपल्या बोलीत काळा पाषाण किंवा कातळ. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. इंदूर, नागपूर, पुणे, बेळगाव या शहरांतल्या मराठी माणसांची घरं वेगवेगळ्या राज्यांत असतील, पण पाया खणला की खाली बहुतेक ठिकाणी हाच दगड लागतो. हैदराबादच्या मंडळींचं तेवढं वेगळं. त्यांच्या शहरात जे गोल गोल प्रचंड धोंडे दिसतात तो ग्रॅनाइट, या दगडापेक्षा कितीतरी जुना.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचा रोख तिच्याकडे आहे. या काळ्या दगडाचे थर कसे रचले गेलेत हे एकदा कळलं, की धबधबा तिथेच का पडतो ते कळतं. आणि त्याच धबधब्याखाली दर पावसाळ्यात माणसं का वाहून जातात, तेही कळतं. दोन्हींचं कारण एकच आहे.

लाव्हा आला कुठून?

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा डोंगर येतो. दख्खनचा प्रकार निराळा होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्या भेगांतून लाव्हा वर आला. बेसॉल्टचा लाव्हा पातळ असतो. तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सियसच्या घरात. तो डोंगर रचत बसत नाही, लांबवर पसरत जातो. एक लोंढा आला, पसरला, थंड होऊन दगड झाला. मध्ये काही काळ शांतता. मग पुढचा लोंढा त्याच्यावर. असे कितीतरी थर एकावर एक बसले. कुठे एखादा थर दोन-चार मीटरचा, कुठे कित्येक दहा मीटरचा. सह्याद्रीच्या बाजूला या सगळ्या थरांची मिळून जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते. माळव्यात ती बरीच कमी, काहीशे मीटर. यातला मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत घडला असं आजच्या मोजणीतून दिसतं. तुमच्या-माझ्या हिशेबात दहा लाख वर्षं म्हणजे अनंत काळ, पण पृथ्वीच्या हिशेबात फार थोडा.

ज्या भेगांतून लाव्हा वर आला, त्यांतल्या कित्येक भेगा शेवटी आतच थिजलेल्या लाव्हाने बुजल्या. आजूबाजूचा दगड झिजला की त्या जमिनीत उभ्या पुरलेल्या दगडी भिंतींसारख्या दिसू लागतात. त्यांना डाइक म्हणतात. नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत असे डाइक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे नदीसारखेच पूर्व-पश्चिम दिशेने धावतात.

या खडकाला इंग्रज अभ्यासकांच्या काळापासून 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी किंवा जिना या अर्थाच्या शब्दावरून आलाय. सह्याद्रीचा कुठलाही डोंगर लांबून बघा. कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. जिनाच तो. आज आपण हाच जिना वरून खाली उतरणार आहोत.

पहिला थांबा : पाताळपाणी

इंदूरहून पोहे-जिलेबी खाऊन निघालं की साधारण तासाभरात, ३५ किलोमीटरवर, पाताळपाणी येतं. चोरल नदी इथे पठाराची कड सोडून खाली दरीत उडी घेते. उंची ३०० फुटांच्या आसपास सांगतात. पाणी भरपूर असलं की तुषारांत समोरचं काही दिसत नाही. म्हणून मी सांगतो, जोराचा पाऊस होऊन दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की या. पाणीही असतं आणि दगडही दिसतो.

कठड्यापाशी उभं राहिल्यावर पाण्याकडे मनसोक्त बघून घ्या, फोटो काढा. मग पाच मिनिटं पाण्याच्या बाजूच्या उघड्या कड्याकडे बघा. व्हिडिओत मी हे बोटाने दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगतो.

कड्यात तुम्हाला आडवे पट्टे दिसतील. एक पट्टा घट्ट, काळा, उभ्या चिरा असलेला. त्याच्या खाली किंवा वर एक पट्टा जरा फिकट, खडबडीत, झिजलेला. लाव्हाच्या एकाच लोंढ्याचे हे दोन भाग असतात. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर जातो, त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र होतो. पुढे त्या छिद्रांत पांढरी-हिरवट खनिजं भरतात. महाराष्ट्रात विहिरी खणणारे या मऊसर दगडाला 'मांजऱ्या' म्हणतात. थराचा मधला आणि खालचा भाग मात्र सावकाश थंड होतो. तो घट्ट आणि कठीण बनतो, आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. सावकाश आणि एकसारखा थंड झाला तर त्याचे चक्क पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. देवास जिल्ह्यातला कावडिया पहाड किंवा मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे खांब माहीत असतील.

आता धबधबा कसा होतो ते बघा. वर कठीण थर, त्याखाली मऊ थर. नदी कठीण थरावरून वाहत येते आणि कडेवरून खाली पडते. पडणारं पाणी आणि त्याचे तुषार खालच्या मऊ थराला पोखरतात. तिथे कपारी तयार होतात. वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. त्याला आधीच उभ्या चिरा असतात, आणि एक दिवस त्या चिरांवरून मोठा तुकडा सुटून खाली कोसळतो. कडा पुन्हा उभा राहतो, फक्त थोडा मागे. म्हणजे धबधबा एका जागी नसतो. तो फार सावकाश नदीच्या उगमाकडे सरकत असतो. त्याच्यासमोरची खोल, अरुंद दरी म्हणजे त्याने आजवर मागे टाकलेला रस्ता. धबधब्याच्या पायथ्याशी जे मोठाले धोंडे पडलेले असतात, ते कुठून आले हे आता वेगळं सांगायला नको. कड्याच्या अगदी टोकावर किंवा खालच्या कपारीत उभं राहू नका असं मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाणी अचानक कसं वाढतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०११ मध्ये याच पाताळपाणीला सहलीला आलेलं एक कुटुंब पाण्याच्या मधोमध एका खडकावर अडकलं. बघता बघता पाणी वाढलं आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ते कुटुंब कड्यावरून खाली गेलं. त्यातले सगळे परत आले नाहीत. त्याची चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लोक ती बघतात, हळहळतात आणि म्हणतात, "अचानक पाणी आलं." मला हा 'अचानक' शब्द उलगडून सांगायचा आहे.

घट्ट बेसॉल्ट पाणी पीत नाही. ते शिरतं फक्त चिरांमधून आणि मांजऱ्यासारख्या मऊ थरांमधून. दगडावरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा पहिला पाऊस ती आत घेते. पण एकदा भिजली की ती फुगते, भेगा बंद होतात आणि पाणी आत जाणं फार मंदावतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर जोराची सर आली, की त्यातलं बरंचसं पाणी जमिनीत न मुरता सरळ ओढ्याकडे धावतं. अनेक ओढे एकाच नदीत येतात. नदीचं पात्र कड्याजवळ अरुंद होतं. पाच-दहा किलोमीटर मागे पडलेला पाऊस थोड्याच वेळात तुमच्या पायाशी येतो, आणि तुमच्या डोक्यावर त्या वेळी चक्क ऊन असू शकतं. धबधब्यापाशी आकाश निरभ्र आहे याचा पाण्याशी काही संबंध नाही. बघायचं ते मागच्या बाजूचं आकाश.

म्हणून माझ्या गटात काही नियम आहेत. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, बेसॉल्टच्या मुलखातल्या कुठल्याही धबधब्याला ते लागू पडतात.

पहिला नियम, नदीच्या मधल्या खडकावर जायचं नाही. पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी परत येताना कमरेएवढं होऊ शकतं, आणि गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलतं.

दुसरा नियम, गटातल्या एकाने कायम वरच्या दिशेकडे, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला बघत राहायचं. आम्ही दर वीस मिनिटांनी माणूस बदलतो. त्याने मोबाइल खिशात ठेवायचा.

तिसरा नियम, खुणा ओळखायच्या. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, पाण्यावर काटक्या, पाला, फेस वाहून येऊ लागला, किंवा आवाज बदलून खोल गडगडाट ऐकू आला, तर सामान उचलत बसू नका. चपला राहू देत, डबे राहू देत. आडवं पळून नदी ओलांडायचा प्रयत्न करू नका. ज्या काठाजवळ आहात त्याच काठावर उंच चढा.

चौथा नियम, ओल्या काळ्या दगडावर शेवाळं दिसत नाही, पण असतं. दगड काळा, शेवाळं काळपट हिरवं. पाय सरकल्यावरच कळतं.

हे नियम ऐकून गटातली तरुण मुलं थोडी हिरमुसतात. पण दगडाचा जिना आणि काळ्या मातीचं फुगणं समजावून सांगितलं की त्यांना ते पटतात. नुसतं "जाऊ नका" असं लिहिलेल्या पाटीकडे कुणी फारसं बघत नाही. का जायचं नाही हे कळलं की माणूस स्वतःहून थांबतो, असा माझा अनुभव आहे.

रेल्वेने उतरलेला जिना

पाताळपाणीहून काळाकुंडपर्यंत मीटरगेजचा जुना लोहमार्ग आहे. २०१८ पासून त्यावर खास पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी चालते. बोगदे, वळणं आणि पूल ओलांडत ती याच कड्याच्या बाजूने खाली उतरते. ज्यांच्याकडे दोन दिवस असतील त्यांनी एक दिवस या गाडीला द्यावा.

हा मार्ग कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे. इंदूरला खांडव्याशी जोडणारी रेल्वे व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. संस्थानाने सरकारला दिलेलं कर्ज! दऱ्या आणि कडे असलेल्या या पट्ट्यात रूळ टाकणं सोपं नव्हतं. लाव्हाची पायरी पाणी एका उडीत उतरतं, पण गाडीला ती कड्याच्या अंगाने फिरत फिरत उतरावी लागते.

पाताळपाणीलाच तंट्या भिल्लाचं स्मारक आहे. गोरगरिबांचा 'तंट्या मामा'. ४ डिसेंबर १८८९ रोजी त्याला जबलपूरला फाशी दिली गेली. इथून जाणाऱ्या गाड्या त्याच्या मानासाठी क्षणभर थांबायच्या, असं इथले लोक सांगतात.

दुसरा थांबा : जानापाव

पाताळपाणीहून महूच्या बाजूने आग्रा-मुंबई रस्त्याला लागलं की मानपूरच्या अलीकडे जानापावचा फाटा येतो. डोंगराची उंची सुमारे ८५४ मीटर. वर जमदग्नी ऋषींचा आश्रम आणि परशुरामाचं जन्मस्थान मानतात. कोकणातल्या मंडळींना इथे आलं की विशेष वाटतं. ज्याने समुद्र मागे हटवून कोकण वसवलं असं आपण लहानपणी ऐकलं, त्याचं जन्मस्थान माळव्यातल्या या टेकडीवर दाखवतात.

वर एक कुंड आहे. ते बघून कुणीतरी विचारतंच, "हेच का ज्वालामुखीचं तोंड?" तसं समजायचं कारण नाही. मघाशी आपण बघितलं की दख्खनचा लाव्हा भेगांतून आला, त्यासाठी टेकडी आणि तिच्या माथ्यावर खड्डा असण्याची गरज नव्हती. जानापाव उंच दिसतो कारण त्याच्या आजूबाजूचे थर झिजून गेले आणि इथले राहिले. आपले बहुतेक डोंगरी किल्ले असेच उरलेले तुकडे आहेत. थर सगळीकडे होते, पाण्याने आजूबाजूचे नेले.

जानापावची खरी मौज वेगळीच आहे. चंबळ नदी इथे उगम पावते. ती उत्तरेला जाते, राजस्थानला वळसा घालून यमुनेला मिळते, पुढे गंगेतून तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. आणि याच डोंगराळ कडेवरून दक्षिणेला उतरणारं पाणी नर्मदेला मिळून भडोचजवळ खंबातच्या आखातात जातं. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब, थोड्या अंतरावर पडले, तर एक पूर्वेच्या समुद्रात आणि दुसरा पश्चिमेच्या. इथून साडेसात नद्या निघतात असं स्थानिक लोक सांगतात. साडेसात कशा, हे मी अनेकांना विचारलं. प्रत्येकाची यादी निराळी निघते!

इथे उभं राहून एक घोळही मिटवून घेऊ. नकाशात या डोंगररांगेला विंध्य म्हणतात. भूगर्भशास्त्रात विंध्य म्हणजे मुख्यतः वालुकाश्माचा खडक, भीमबेटकाच्या गुहा ज्यात आहेत तो. तो या लाव्हापेक्षा कित्येक पटींनी जुना. माळव्याच्या या दक्षिण कडेला डोंगर विंध्याचा म्हणवतो, पण त्याचा दगड दख्खनचा आहे.

घाट उतरताना

जानापावहून खाली उतरून आपण घाटाला लागतो. इथे मी गाडी हळू चालवायला सांगतो आणि मंडळींना उजव्या-डाव्या हाताच्या कापलेल्या दरडी बघायला सांगतो. गाडी मात्र घाटात थांबवायची नाही, ट्रक मोठे असतात आणि उतार जीवघेणा आहे.

दरडीत काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटेसारख्या लाल मातीचा पातळ पट्टा दिसतो. दोन लोंढ्यांमधल्या शांत काळात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती झाकली. तो लाल पट्टा म्हणजे कधी काळची जमीन. अशा शांत काळात इथे तळी होती, झाडं होती, प्राणी होते.

आणि या थरांच्याही खालचा जमाना बघायचा असेल तर याच धार जिल्ह्याच्या पश्चिमेला जायला हवं. तिथे बाग आणि कुक्षीच्या परिसरातल्या जुन्या खडकांत डायनोसॉरची घरटी सापडली आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. शाकाहारी, लांब मानेच्या, अवाढव्य प्राण्यांची अंडी. शेतात सापडणारे असे गोल दगड काही गावकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताचा राखणदार देव म्हणून पुजत होते. त्या घरट्यांच्या जमिनीवर नंतर लाव्हा पसरला. डायनोसॉर गेले ते उल्कापातामुळे की त्यात या ज्वालामुखीचाही हात होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. उल्केचं पारडं जड आहे. पण दोन्ही गोष्टी जवळपास एकाच काळात घडल्या, एवढं नक्की.

तिसरा थांबा : सहस्रधारा

धामनोदहून आत वळलं की महेश्वर. अहिल्याबाईंचं महेश्वर. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी इथूनच कारभार केला. मराठी माणसाला घाटावर बसल्यावर उठवत नाही, हे मला माहीत आहे. पण उजेड आहे तोवर आधी थोडं पुढे जलकोटीजवळ सहस्रधारेला जाऊन येऊ.

पाताळपाणीसारखी उंच उडी इथे नाही. विशाल नर्मदा एका पसरट काळ्या कातळावर येते आणि असंख्य प्रवाहांत फुटते. तुम्ही पायथ्याशी आला आहात, जिन्याच्या खालच्या पायरीवर. इथे नदीला खाली कोसळायला कडा नाही, म्हणून ती दगडाच्या चिरा शोधते. मघाशी सांगितलेल्या त्या आकसताना पडलेल्या चिरा. जिथे चीर तिथे पाणी घुसतं, चीर रुंद होते, तिचा ओघ होतो. भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरून फिरून कातळात रांजणासारखे खळगे कोरतात. नगर-पुण्याच्या मंडळींनी निघोजला कुकडी नदीत ते बघितलेच असतील. ज्यांनी जबलपूरचा धुवांधार पाहिलाय त्यांनी फरक लक्षात घ्या. नदी तीच नर्मदा, पण तिथला दगड संगमरवर, इथला बेसॉल्ट. दगड बदलला की नदीची चाल बदलते.

पुराणकथा सांगते की हजार बाहूंच्या सहस्रार्जुनाने नर्मदा अडवली आणि ती त्याच्या हातांमधून हजार धारांनी निसटली. हा सहस्रार्जुन माहिष्मतीचा राजा, आणि महेश्वर म्हणजेच माहिष्मती अशी इथली श्रद्धा. आता गंमत बघा. दुपारी आपण होतो परशुरामाच्या डोंगरावर, संध्याकाळी आलो त्याच्या वैऱ्याच्या नदीवर. जमदग्नीची गाय, सहस्रार्जुनाचा लोभ आणि परशुरामाचा परशू, ही सगळी कथा या एका उताराच्या दोन टोकांवर वसलेली आहे.

इथेही सावधगिरी लागते, पण कारण थोडं निराळं. वरच्या अंगाला ओंकारेश्वरसारखी मोठी धरणं आहेत. धरणातून पाणी सोडलं की पाऊस नसतानाही पातळी चढते. भोंगा वाजला किंवा स्थानिक नावाड्याने हाक मारली की वाद न घालता काठावर यायचं.

पाणी पुन्हा वर चढतं

सहलीच्या शेवटी मी मंडळींना एक प्रश्न विचारतो. सकाळी निघताना तुम्ही घरातून जे पाणी भरून आणलंत, ते कुठलं?

बहुतेकांच्या बाटलीत नर्मदेचंच पाणी असतं. महेश्वरपासून जवळच मंडलेश्वरच्या बाजूला जलूद इथून नर्मदेचं पाणी उपसून सुमारे ७० किलोमीटर लांब इंदूरला नेतात. १९७० च्या सुमारास इंदूरकरांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं, आणि त्या दशकाच्या अखेरीला पाणी पोचलं. नर्मदा इथे इंदूरपेक्षा जवळपास ४०० मीटर खाली वाहते. आज आपण दिवसभर जो जिना उतरलो, तोच जिना हे पाणी विजेच्या जोरावर रात्रंदिवस चढत असतं.

हे का करावं लागतं? माळव्यात पाऊस काही कमी नाही, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण सकाळी पाताळपाणीला बघितलं तेच इथेही. काळा दगड पाणी साठवत नाही. विहिरीला पाणी लागतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, चिरांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. तो सांधा सापडला तर बोअरला पाणी, नाही सापडला तर शेजारच्या बोअरला पाणी असूनही आपली कोरडी. ऑगस्टमध्ये जो धबधबा माणसं ओढून नेतो, तोच एप्रिलमध्ये कड्यावरचा एक ओला डाग उरतो. पुराचं पाणी आणि उन्हाळ्यातली टंचाई या एकाच दगडाच्या दोन बाजू आहेत. म्हणून या मुलखात पाणी वाहून जाण्याआधी अडवणं, तळी राखणं, विहिरींचं पुनर्भरण करणं याला पर्याय नाही. जुन्या लोकांना हे कळत होतं. मांडूच्या गडावर इतकी तळी आणि कुंडं उगाच नाही बांधली. तीनशे फुटांवरून कोसळणारं पाणी बघून आलेला माणूस स्वतःच्या गच्चीवरचं पाणी गटारात जाताना बघून अस्वस्थ झाला, तर माझी सहल वसूल झाली असं मी समजतो.

आता तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. इंदूर सगळ्यांना जवळ नाही. बडोद्याची मंडळी पावागडावर जातात, वऱ्हाडातली चिखलदऱ्याला, पुण्या-मुंबईची खंडाळा आणि माळशेजला, जबलपूर-रायपूरकडची अमरकंटकला. अमरकंटकलाही, नर्मदेच्या उगमाशी, हाच लाव्हा आहे. पुढच्या वेळी धबधब्यापाशी गेलात की पाण्याच्या बाजूचा उघडा कडा शोधा. थर मोजा. घट्ट कुठला, मऊ कुठला, लाल पट्टी आहे का, ते बघा. पायथ्याचे धोंडे कुठून सुटले असतील याचा अंदाज करा. आणि हे सगळं करताना आपल्यातल्या एकाला वरच्या बाजूला, पाणी येतं त्या दिशेला बघत उभं करा. त्याला मधूनमधून भाजलेलं कणीस नेऊन द्या, म्हणजे तो कंटाळणार नाही.

तुम्ही कुठला कडा बघितलात आणि त्यात किती थर मोजलेत, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण घाट नेमके तिथेच का बांधले गेले, या विषयाकडे वळू. तोवर सांभाळून फिरा.